भीती पहिल्या पन्नासात दिसते

पत्र: ताई, मी १६ वर्षांची आहे, अकरावी सायन्सला. सातवीपासून स्पर्धेत पोहते. माझा मेन इव्हेंट २०० मीटर बटरफ्लाय. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बालेवाडीला २:४१.८ आलं, तेव्हा सगळे म्हणाले, आता हिला कोणी थांबवत नाही. त्याला १४ महिने झाले. त्यानंतर एकदाही तिथवर पोहोचले नाही. २:४६, २:४७, एकदा तर २:४९. गंमत म्हणजे आमच्या टँकवर प्रॅक्टिसला २:४२ मारते, सरांनी स्वतः घड्याळ लावलंय. रेसला ब्लॉकमागे (ज्या ओट्यावरून उडी मारतात त्याच्यामागे) उभी राहिले की पोटात गोळा येतो, हात गार पडतात, तीन-तीनदा बाथरूमला जावं लागतं. सर म्हणतात, तू मेंटली वीक आहेस. बाबा सगळे टायमिंग एका वहीत लिहितात आणि रेसच्या आदल्या रात्री ती वही माझ्यासमोर उघडतात. मी रोज झोपताना मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघते. दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. पहाटे साडेचारचा गजर वाजला की रडू येतं. वजन वाढलंय असं सर म्हणाले म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय. तीन-साडेतीन महिने पाळी आलेली नाही, ते एका परीने बरंच आहे, प्रॅक्टिस बुडत नाही. जानेवारीत मोठी स्पर्धा आहे. मन कणखर कसं करू? की सोडूनच देऊ? वहीतले स्प्लिट (रेसच्या प्रत्येक टप्प्याचं वेगळं टायमिंग) सोबत पाठवतेय. नाव छापू नका. (सांगली जिल्हा)

अगं बटरफ्लायवाली,

नाव छापू नका म्हणालीस, म्हणून हे नाव. तू विचारलंस मनाबद्दल, पण मी तुझं पत्र शेवटाकडून वाचायला घेणार आहे. कारण 'एका परीने बरंच आहे' म्हणून तू जे अर्ध्या ओळीत उरकलंस, ते अजिबात बरं नाही.

दिवसाला दोन वेळा पाण्यात उतरणारी मुलगी रात्रीचं जेवण सोडते, तेव्हा शरीर काटकसरीला लागतं. महिनाअखेरीला घरात करतात तशीच. ज्याच्यावाचून आज अडत नाही तो खर्च आधी बंद. त्यात सगळ्यात आधी पाळी जाते. मग हाडांची भर थांबते, झोप उथळ होते, सेटनंतर अंग भरून येणं दोन-दोन दिवस जात नाही, चिडचिड होते, आणि पहाटे गजर वाजला की रडू येतं. ओळखीचं वाटतंय ना? आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, 'रेड-एस' म्हणतात. खेळाला लागते तेवढी ऊर्जा ताटातून न मिळणं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या वेळी असलं काही नाव नव्हतं. पाळी लांबली की टँकवरच्या मोठ्या मुली म्हणायच्या, 'आता तू खरी स्विमर झालीस.' मी खूशही झाले होते. मूर्खपणा होता. पुढे वर्षभर खांद्याच्या दुखण्यात काढलं, तेव्हाही कोणी दोन गोष्टींचा मेळ घातला नाही.

म्हणून आधी हे पत्र आईला दाखव आणि याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. 'मी दिवसातून चार तास पोहते आणि रात्री जेवत नाही' हे त्यांना स्वच्छ सांग. नाहीतर वयाचं आहे, होईल सुरळीत, असं म्हणून परत पाठवतील. रक्त तपासताना नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणीही करायची का, हे विचारा. साठा आटला तरी हिमोग्लोबिन बराच काळ ठीक दिसू शकतं, आणि अशा मुलीला तिसऱ्या पन्नासात हात उचलवत नाहीत. लोक त्याला जिद्द कमी पडली म्हणतात.

आणि आज रात्रीपासून जेव. भाकरी, आमटी, एखादी उसळ किंवा अंडी, दही. पहाटे निघताना एक केळं किंवा दोन खजूर, टँकमधून बाहेर आल्यावर अर्ध्या तासात दूध आणि शेंगदाण्याचा लाडू. सरांना सांगायची लाज वाटत असेल तर आई सांगेल, पण त्यांना कळायला हवं. वजनाबद्दल जे बोलले ते त्यांनी वाईट हेतूने म्हटलं असेल असं मला वाटत नाही. टँकवर ही वाक्यं पिढ्यानपिढ्या हातातून हातात येतात, जुन्या किकबोर्डासारखी. पण १५ ते १६ च्या दरम्यान मुलीचं अंग बदलतं, कंबर रुंदावते, पाण्यातला तोल सरकतो. जे टायमिंग पंधराव्या वर्षी एका अंगाने आलं, ते नव्या अंगाने परत शिकावं लागतं. तुझ्याबरोबरची मुलं याच वयात खांदे रुंद होऊन दर महिन्याला सेकंद-सेकंद कमी करत असतील, त्यांच्याकडे बघून स्वतःला कोसू नकोस. त्यांचं गणितच वेगळं आहे. आपल्याकडच्या मुलींचं पंधरा-सोळाला संपतं असंही कोणी ऐकवेल. मुंबईची अपेक्षा फर्नांडिस २०२२ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरी जागतिक कनिष्ठ स्पर्धेच्या फायनलला गेली, तिथवर पोहोचलेली ती पहिली भारतीय मुलगी. इव्हेंट तुझाच, २०० बटरफ्लाय. (नावातच अपेक्षा घेऊन ब्लॉकवर चढायचं म्हणजे कमाल आहे. तुझ्याकडे निदान ती वहीत तरी आहे.)

आता वही. तुझ्या बाबांचं अक्षर सुरेख आहे आणि त्यांनी एकही स्प्लिट सोडलेला नाही. ती वही तुला छळते हे मला समजतं, पण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

आधी ते प्रॅक्टिसचं २:४२. तुमचा टँक २५ मीटरचा, हे तू पत्रात कुठे लिहिलं नाहीस, पण वहीत प्रॅक्टिसचे आठ-आठ स्प्लिट आहेत, त्यावरून कळलं. २५ मीटरच्या टँकमध्ये २०० मीटरला सात टर्न येतात, ५० मीटरच्या टँकमध्ये तीन. प्रत्येक टर्नला भिंतीला लाथ मारून जो वेग मिळतो तो हातांनी कधीच मिळत नाही, आणि तेवढा वेळ हातांना विसावाही मिळतो. तुझ्या पातळीवर या चार जादा भिंतींची किंमत तीन ते पाच सेकंद धर. म्हणजे तुमच्या टँकमधलं २:४२ हे बालेवाडीच्या ५० मीटरच्या टँकमधलं साधारण २:४६ झालं. मग तू रेसला कच खातेस असं कुठे ठरतं? तू जे प्रॅक्टिसला मारतेस तेच रेसला मारतेस. गेले कित्येक महिने तू आणि सर मिळून दोन वेगळ्या मापांची तुलना करताय आणि उरलेला फरक 'मेंटली वीक' या खात्यावर टाकताय. हा शब्द मला टँकवरचा सगळ्यात आळशी शब्द वाटतो. घड्याळात काय झालं ते शोधायचा कंटाळा आला की तो वापरतात.

पण म्हणून भीतीचा काहीच हात नाही असंही नाही. आता हे दोन स्प्लिट शेजारी ठेव. गेल्या ऑगस्टची तुझी ती रेस: ३६.२, ४०.६, ४२.३, ४२.७. एकूण २:४१.८. आणि या सप्टेंबरची: ३४.०, ३८.७, ४४.६, ४९.४. एकूण २:४६.७. पहिल्या पन्नासात तू स्वतःच्या सर्वोत्तम रेसपेक्षा २.२ सेकंद पुढे होतीस. शंभरला ४.१ सेकंद पुढे. मग शेवटच्या पन्नासात ६.७ सेकंद मागे. बाकीच्या तीन रेस बघ, चेहरा तोच. अवसान आणून सुटायचं आणि दीडशेला पियानो पाठीवर पडल्यासारखं व्हायचं.

तुला वाटतं तुझी भीती पोटात आहे, गार पडलेल्या हातांत आहे. मला ती त्या ३४.० मध्ये दिसते. ब्लॉकमागे जे सहन होत नाही, त्यापासून तू पळत सुटतेस, आणि पळण्यात पहिला पन्नास निघून जातो. बटरफ्लायमध्ये त्याची वसुली फार क्रूर असते. फ्रीस्टाइलमध्ये दमलेला माणूस हळू का होईना, पोहत राहतो. फ्लायमध्ये दम संपला की कंबर बुडते, कंबर बुडली की हात पाण्याबाहेर निघत नाहीत, आणि मग प्रत्येक स्ट्रोक म्हणजे विहिरीतून बादली ओढणं.

तेव्हा कणखर मन वगैरे बाजूला ठेव. तुला एवढंच करायचंय: पहिला पन्नास ३६ च्या आत मारायचा नाही. ऐकायला किती साधं आहे! पण करायला यासारखं अवघड काही नाही, कारण शेजारच्या लेनमधली मुलगी अर्ध्या अंगाने पुढे जाताना दिसेल आणि तुला तिला जाऊ द्यावं लागेल. माझ्या मते मनाची तयारी म्हणायची तर हीच.

पोटातल्या गोळ्याचं काय? तो राहणार. शरीराला कळतं की आता झुंज आहे, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, रक्त तळहातातून निघून मोठ्या स्नायूंकडे जातं म्हणून हात गार पडतात, आतडी आपलं काम थांबवतात, लघवीला लागल्यासारखं होतं. पोडियमवर चढणाऱ्यांचंही हेच होत असतं. तीनदा बाथरूमला जावं लागत असेल तर तीनदा जा, तेवढा वेळ हाताशी ठेवून निघ. गोळा घालवायच्या नादात जी शक्ती जाते तिने जास्त नुकसान होतं.

खरी अडचण वेगळी आहे. प्रॅक्टिसला तुझ्या डोक्याला काम असतं. सर सेट सांगतात, किती सेकंदांवर सुटायचं ते सांगतात, तू लांब्या (टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती एक लांबी) मोजतेस, समोरच्याच्या पायाला हात लागू नये म्हणून अंतर सांभाळतेस. रेसच्या दिवशी वॉर्म-अप संपल्यापासून कॉल रूममधून, म्हणजे रेसआधी सगळ्यांना बसवतात त्या खोलीतून, ब्लॉकपर्यंत तास-दीड तास डोकं रिकामं, आणि रिकाम्या डोक्यात आदल्या रात्रीची वही येऊन बसते. मी एकदा ४०० फ्रीस्टाइलमध्ये साडेतीनशेला भिंतीला हात लावून वर बघितलं होतं. संपली समजून. पदक मिळालं तर शाळेत कोण काय म्हणेल याचा हिशेब करत होते, लांब्यांचा हिशेब त्यात राहून गेला. टायमर म्हणून बसलेल्या बाई ओरडल्या, 'अगं ए, अजून एक आहे!' अख्ख्या गॅलरीला ऐकू गेलं. पुढे कोच झाल्यावर मुलींना ही गोष्ट मी बऱ्याचदा सांगितली, त्या हसतात आणि मग लांब्या मोजायला लागतात.

मायकल फेल्प्सची बीजिंगची रेस तू नक्की पाहिली असशील, २००८ ची, २०० बटरफ्लायचीच. व्हिडिओवाले ती इच्छाशक्तीची गोष्ट म्हणून दाखवतात. झालं ते असं की उडी मारल्यापासून गॉगलमध्ये पाणी शिरायला लागलं आणि पुढे त्याला भिंतही दिसेना. मग तो स्ट्रोक मोजत गेला. लांबीला किती हात लागतात ते त्याला पाठ होतं. मोजून भिंतीला हात लावला आणि वर बघितलं तर १:५२.०३, विश्वविक्रम. यात जिगर असेलच, पण मला यात पाढे दिसतात. हा योगायोगही नव्हता. त्याचे कोच बॉब बोमन त्याला पोरवयापासून रोज रात्री आणि सकाळी डोळे मिटून अख्खी रेस मनात पोहायला लावत, आणि त्यात बिघडलेली रेसही असे. एका स्पर्धेत तर त्यांनी त्याच्या नकळत त्याच्या गॉगलवर पाय देऊन तो तडकवला होता, बघू काय करतो म्हणून. (हे तू सरांना सुचवू नकोस, गॉगल महाग झालेत.) आणि असंही समजू नको की एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं. चार वर्षांनी लंडनला याच इव्हेंटमध्ये शेवटच्या भिंतीपाशी फेल्प्स अर्धा स्ट्रोक कमी घेऊन नुसता सरकत गेला आणि दक्षिण आफ्रिकेच्या चॅड ल क्लोने ०.०५ सेकंदाने सोनं नेलं.

तू काय मोजायचंस? स्ट्रोक. तुझे लांबीला किती पडतात, हे बहुधा तुला आत्ता सांगता येणार नाही. पुढच्या दोन आठवड्यांत ते शोध. सरांना विनंती करून महिन्यातून दोनदा तरी ५० मीटरच्या टँकवर जा, आणि तिथे ३६.५ ला एक पन्नास मारून किती स्ट्रोक पडले ते बघ. समज, २४ पडले. मग रेसचा पहिला पन्नास म्हणजे '२४ हात, प्रत्येक भिंतीनंतर पाच डॉल्फिन किक (पाण्याखाली दोन्ही पाय जुळवून मारायच्या लाथा)' एवढंच. दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २६. आकडे तुझे तू बसव. चौथ्या पन्नासाला मोजणी विसरलीस तरी चालेल, तिथे सगळेच विसरतात. मोजायला लागलं की ३४ ला सुटताच येत नाही, कारण घाईत हात आखूड पडतात आणि आकडा लगेच चढतो. २४ च्या जागी २७ झाले की पाण्यातच तुला कळतं, पळायला लागलो आपण.

मनात पोहायची पद्धतही थोडी खटपटीची आहे, नुसते डोळे मिटून पदक बघायचं नाही. खुर्चीवर बस, हातात स्टॉपवॉच घे, डोळे मिट. लांब शिट्टी, ब्लॉकवर पाय, 'टेक युअर मार्क्स', आणि बीपला घड्याळ सुरू कर. चारही लांब्या मनात पोह, प्रत्येक टर्न कर, भिंतीला हात लागला की घड्याळ बंद. डोळे उघडल्यावर १:३० दिसलं तर तू सिनेमा बघत होतीस. दमणं, तिसऱ्या पन्नासात खांदे जड होणं, हे सगळं त्यात आलं की वेळ आपोआप २:४० च्या आसपास येते. आठवड्यातून चारदा कर. त्यातल्या एकदा काहीतरी बिघडव: गॉगलमध्ये पाणी, टर्नला भिंत लांब, शेजारच्या लेनची लाट तोंडात. आणि खऱ्या टँकमध्येही आठवड्यातून एखादा पन्नास, सरांचं लक्ष असताना, गॉगलमध्ये मुद्दाम पाणी भरून मार.

रेसच्या दिवशीचा तो रिकामा तास लिहून काढ. अगदी पोरकट वाटेल इतकं बारीक. कॉल रूमला जायच्या आधी बाथरूम, मग टॉवेल, मग गॉगलची पट्टी एकदाच ओढायची, सहा वेळा नाही. कॉल रूममध्ये कोणाचं बेस्ट किती हे विचारणाऱ्या मुली असतात, त्यांच्याशी हसून बोल पण आकडा सांगू नकोस आणि विचारूही नकोस. ब्लॉकमागे श्वास आत घ्यायला चार मोजले तर सोडायला सहा-सात मोज, चार-पाच वेळा. लांब उच्छ्वासाने छातीतली धडधड खरोखर उतरते, त्यात मंत्रतंत्र काही नाही. मग खांद्यावर पाणी मार आणि पहिला आकडा मनात म्हण, '२४'.

व्हिडिओंबद्दल फार लिहीत नाही. ते उसनं अवसान आहे आणि उसन्याला व्याज लागतं, ते तू झोपेतून भरतेस. साडेचारला उठणाऱ्या मुलीने साडेनऊला झोपायला हवं. फोन आईच्या खोलीत. बघायचंच असेल तर संध्याकाळी सजन प्रकाशच्या रेस बघ, संगीत न लावलेल्या. तोही फ्लायवाला. मानेच्या दुखण्यातून उठला, टाळेबंदीत परदेशात अडकला, आणि जून २०२१ मध्ये रोमला १:५६.३८ मारून ऑलिम्पिकचा 'अ' निकष, म्हणजे थेट पात्रतेची वेळ, गाठणारा पहिला भारतीय जलतरणपटू झाला. निकष होता १:५६.४८. म्हणजे एक दशांश सेकंद. आणि पुढच्याच महिन्यात टोकियोला त्याचं टायमिंग आलं १:५७.२२, स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा हळू. त्याला कोणी मेंटली वीक म्हणालं का? मोठ्या रेसमध्ये बेस्ट न येणं हा बहुतेक जलतरणपटूंचा नेहमीचा अनुभव आहे. बेस्ट येणं हा अपवाद असतो, म्हणून तर त्याला बेस्ट म्हणतात.

बाबांशी तुलाच बोलावं लागेल. पहाटे साडेचारला थंडीत गाडी काढणारा माणूस आहे तो, वही त्याची माया आहे. त्याला 'तुमच्यामुळे मला टेन्शन येतं' असं म्हणू नकोस, तो वही बंद करेल आणि आतून तुटेल. असं म्हण: 'बाबा, आदल्या रात्री मला वही नको. पण रेस चालू असताना माझे प्रत्येक लांबीचे स्ट्रोक मोजून लिहाल का?' गॅलरीत बसलेल्या बापालाही त्या अडीच मिनिटांत काहीतरी काम हवं असतं, तुझ्याइतकंच. आणि हा आमचा स्प्लिटचा हिशेब सरांना त्यांनीच दाखवावा, तू नको. सर समंजस असतील तर पुढच्या सोमवारी सेट बदललेला दिसेल.

राहिलं सोडून द्यायचं. आत्ता ठरवू नकोस. उपाशी, झोपमोड झालेल्या मुलीने असले निर्णय घ्यायचे नसतात. डॉक्टर म्हणाले की दोन महिने थांबा, तर थांब, जानेवारी गेली तरी चालेल. खरंच चालेल. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे बघ. २००८ ला सतराव्या वाढदिवसाच्या आधीच बीजिंग ऑलिम्पिकला जाऊन आला. २०१० ला ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं. १९८६ च्या सोलमध्ये खजान सिंगला रौप्य मिळालं होतं, २०० फ्लायमध्येच, त्यानंतर आशियाई जलतरणातलं भारताचं ते पहिलं पदक. मग तो तहसीलदार झाला, पाण्यापासून लांब गेला. परत आला, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० फ्रीस्टाइलच्या हीटला, म्हणजे प्राथमिक फेरीत, सकाळी २२.४३ मारलं, राष्ट्रीय विक्रम. संध्याकाळी फायनलला २२.४७. तिसऱ्या आलेल्या जपानी मुलाचं २२.४६. सकाळचंच टायमिंग संध्याकाळी आलं असतं तर पदक गळ्यात होतं. त्यानंतरही तो पाच वर्षं पोहला. काही वर्षांची खंड पडूनही पाणी ओळख विसरत नाही, तुझे दोन महिने कसले घेऊन बसलीस.

मात्र नीट जेवून, झोपून, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवून दोन-तीन महिने झाले आणि तरीही गजर वाजला की रडूच येत असेल, तर ती वेगळी गोष्ट. मग एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा समुपदेशकाशी बोल. गावात सोय नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आणि त्यानंतरही पोहणं नको वाटलं तर सोड, कोणाचं देणं लागत नाहीस. सोडण्यासाठी कोणतं पदक आधी मिळवावं लागत नाही.

जानेवारीत पाण्यात उतरलीस तर मला कळव. एकूण टायमिंग लिहू नकोस, चार पन्नास लिही आणि बाबांनी मोजलेले स्ट्रोक. पण त्याआधी, याच महिन्यात, डॉक्टर काय म्हणाले ते.

तुझी,
ताई